खरा की खोटा, ते मला विचारू नका

"मॅडम, एका शब्दात सांगा. कागद खरा की खोटा?"

उलटतपासणीत हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी वादग्रस्त कागदांवरची शाई तपासायच्या नोकरीत नवी होते. घाम फुटलेला होता, आणि एका शब्दात सांगून सुटका होत असेल तर मला हवीच होती. मी म्हणाले, "खरा."

वकिलांनी सावकाश चष्मा काढला. "म्हणजे ज्या कार्यालयाचा शिक्का आहे त्याच कार्यालयाने हा दाखला दिला, हे तुम्हाला तुमच्या काचेच्या नळीत दिसलं?"

दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं ते एवढंच, की दाखल्यावरच्या सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या शाईने केल्या आहेत, आणि त्या शाईत दाखल्यावरच्या तारखेला न शोभणारं काही नाही. एखाद्याने त्या काळातला कोरा कागद आणि त्याच काळातलं पेन मिळवून घरी बसून तो दाखला लिहिला असता, तरी माझ्या चाचण्यांचं उत्तर तेच आलं असतं. पुढची वीस मिनिटं वकिलांनी हे माझ्याच तोंडून, एकेक वाक्य करून वदवून घेतलं.

परत आल्यावर आमचे विभागप्रमुख (आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो) रागावले नाहीत. म्हणाले, "आपल्याला 'नाही' म्हणता येतं. 'हो' म्हणायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही." त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत मी एकाही अहवालात 'अस्सल' हा शब्द लिहिलेला नाही. त्या ऐवजी 'विसंगती आढळली नाही' लिहिते. वाचणाऱ्याला ते सरकारी टाळाटाळ वाटतं. नाइलाज आहे.

आमच्याकडे वादग्रस्त दस्तऐवजाची तपासणी करणाऱ्यांचे दोन गट असतात, हस्ताक्षरवाले आणि शाईवाले. मी शाईवाली. बाहेरच्यांना वाटतं की लिफाफ्याचं सील फोडलं की मी लगेच कागदाचा तुकडा कापून आम्लात टाकते. असं केलं तर नोकरी जाईल. पहिला नियम असा, की जे न कापता कळतं ते आधी बघायचं. म्हणून मुद्देमाल पहिल्यांदा जातो अंधाऱ्या खोलीतल्या अतिनील दिव्याखाली.

कार्यालयात वापरतात तो साधा पांढरा कागद या दिव्याखाली निळसर-पांढरा पेटून उठतो. त्यात प्रकाशीय उजळक घातलेलं असतं. हे रसायन डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं, त्यामुळे मुळात पिवळसर असलेला लगदा पांढराशुभ्र दिसतो. पासपोर्ट, नोटा आणि सुरक्षा-कागदावरची प्रमाणपत्रं मुद्दाम उजळकाशिवाय बनवतात. ती दिव्याखाली मख्ख, काळसर राहतात, आणि त्या काळोखात त्यांच्यातले लाल-हिरवे-निळे धागे तेवढे चमकतात. बनावट करणारा छपाईवर भरपूर मेहनत घेतो आणि कागद साधा वापरतो. अशी प्रकरणं दोन मिनिटांत संपतात. कपड्यांच्या साबणातही हेच उजळक असतं, म्हणून त्या अंधाऱ्या खोलीत माझा धुतलेला ॲप्रनही भुतासारखा चमकत असतो. नवीन आलेली मुलं पहिल्या दिवशी हमखास दचकतात.

या उजळकाने इतिहासातली एक फार मोठी बनवेगिरी उघडी पाडली आहे, आणि ती गोष्ट मी प्रशिक्षणार्थींना दरवर्षी सांगते. १९८३ च्या एप्रिलमध्ये पश्चिम जर्मनीतल्या 'श्टर्न' साप्ताहिकाने जाहीर केलं की हिटलरच्या रोजनिश्या सापडल्या आहेत. साठाच्या आसपास वह्या होत्या आणि त्यांच्यासाठी साप्ताहिकाने ९० लाखांहून अधिक मार्क मोजले होते. छापण्याआधी हस्ताक्षर तपासून घेतलं होतं, तेही नामांकित तज्ज्ञांकडून. तज्ज्ञांनी अक्षर जुळत असल्याचा निर्वाळा दिला. गंमत अशी, की तुलनेसाठी त्यांना दिलेल्या 'अस्सल' नमुन्यांतही त्याच बनावटकाराच्या, कोनराड कुयाऊच्या, हातचे कागद होते. कुयाऊचं अक्षर कुयाऊच्या अक्षराशी जुळलं, यात त्या बिचाऱ्यांचा दोष तरी काय!

मग वह्या रसायनवाल्यांच्या हातात गेल्या. कागदात उजळक निघालं, आणि तेही दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात वापरात आलेलं. बांधणीच्या धाग्यात पॉलिएस्टर निघालं. १९४५ मध्ये मेलेल्या माणसाच्या रोजनिशीत हे दोन्ही असायला जागा नव्हती. शाईही ताजी होती, लिहून फार दिवस न झालेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने वह्या बनावट असल्याचं जाहीर केलं. कुयाऊने पानं जुनाट दिसावीत म्हणून त्यांच्यावर चहा शिंपडला होता. चहाने कागद तपकिरी होतो, पण त्यातलं उजळक कुठे जाणार? १९८५ मध्ये कुयाऊला आणि वह्या आणणाऱ्या पत्रकाराला तुरुंगवास झाला. मी ही गोष्ट हस्ताक्षरवाल्या सहकाऱ्यांसमोर जरा चवीने सांगते, हे कबूल करते.

आता माझ्या टेबलावरचं एक प्रकरण सांगते. जन्मदाखल्यातल्या वर्षात एकाचा सात केल्याचा संशय होता. वय सहा वर्षांनी कमी झालं की नोकरी सहा वर्षं वाढते, त्यामुळे ही दुरुस्ती आमच्याकडे वारंवार येते. डोळ्यांना दोन्ही रेघा एकाच निळ्या बॉलपेनच्या दिसत होत्या. भिंगाखालीही फरक कळत नव्हता. मग कागद अवरक्त प्रकाशात बघणाऱ्या यंत्राखाली ठेवला आणि फिल्टर एकेक करून बदलत गेले. एका टप्प्यावर दाखल्यावरचं सगळं लिखाण विरघळल्यासारखं नाहीसं झालं, नाव, गाव, तारीख, सगळं. कोऱ्या कागदावर उरली एकच तिरपी आडवी रेघ, सातच्या डोक्यावरची. अशी रेघ इतक्या वर्षांत कितीतरी वेळा पाहिली असेल, तरी अजूनही माझ्या मानेवरचे केस उभे राहतात.

डोळ्यांना सारख्याच निळ्या दिसणाऱ्या दोन शायांतले रंगद्रव्य वेगवेगळे असतात, म्हणून असं घडतं. एक शाई अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असते, दुसरी तो शोषून काळी दिसते. पण कोर्टात नुसतं चित्र दाखवून भागत नाही, शाईत फरक कशाचा ते सांगावं लागतं. तेव्हा मग कागदाला भोक पाडायची परवानगी घ्यायची. इंजेक्शनच्या सुईचं टोक बोथट करून केलेला पोकळ पंच असतो, त्याने रेघेतून अर्ध्या मिलिमीटरची टिकली काढायची. अशा दहा-बारा टिकल्या पुरतात. त्या पिरिडिनच्या थेंबात भिजवल्या की बॉलपेनची शाई सुटते. पिरिडिनला सडलेल्या मासळीचा वास येतो. तो केसांत बसतो आणि घरापर्यंत सोबत येतो. सुटलेल्या शाईचा ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टीचं टोक इथिल ॲसिटेट, इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवायचं. मिश्रण पट्टीवर चढतं तसे शाईतले रंग आपापल्या गतीने वर सरकतात. तासाभरात एका निळ्या ठिपक्याचे जांभळा, निळा, गुलाबी असे पट्टे झालेले असतात. माझ्या त्या दाखल्यात मूळ शाईचे चार पट्टे आले आणि सातच्या डोक्याचे तीन, तेही वेगळ्या उंचीवर.

ही युक्ती मुळात झाडांच्या पानांतले रंग वेगळे करायला निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ती शोधली आणि तिला क्रोमॅटोग्राफी म्हणजे 'रंगलेखन' असं ग्रीक नाव दिलं. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग. स्वतःचं आडनाव इतक्या सफाईने शास्त्रात घुसवलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

जेल पेन आल्यापासून आमची ही जुनी पट्टी बऱ्याचदा कोरीच राहते. अनेक जेल शायांत विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगाची बारीक पूड असते. ती कागदाच्या तंतूंत रुतून बसते आणि कुठल्याही द्रावकात सुटत नाही. म्हणूनच रसायनाने धुऊन रक्कम बदलण्याचं भय असेल तिथे जेल पेनने लिहावं, हा सल्ला खरा आहे. आमच्यापुढे मात्र तेव्हा रामन वर्णपटमापक उरतो. शाईवर लेसर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशातला अगदी किंचित बदल मोजायचा. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला जो परिणाम पाहिला तोच. भोक पडत नाही, हा याचा सगळ्यात मोठा गुण. अवगुण असा, की काही शाया लेसर पडताच स्वतःच इतक्या चमकतात की हवा असलेला संकेत त्या झगमगाटात बुडून जातो. मग पुन्हा पंच आणि पुन्हा पिरिडिन.

कागद कोणत्या काळातला आहे यापेक्षा 'सही केव्हा केली' हा प्रश्न जास्त वेळा येतो, आणि तो फार अवघड आहे. बॉलपेनच्या शाईत फिनॉक्सिइथेनॉल नावाचं द्रावक असतं. लिहिल्यावर ते हळूहळू उडतं, सुरुवातीच्या महिन्यांत भराभर, पुढे अगदी मंद. साधारण दोन वर्षांनंतर त्याच्यावरून काही बोलण्यात अर्थ राहत नाही. म्हणजे 'दहा वर्षांपूर्वीची' म्हणून दाखवलेली सही खरं तर मागच्या महिन्यात केली असेल तर पकडता येते. आठ वर्षांपूर्वीची की दहा, ते येत नाही. दुसरा मार्ग रंगाच्या ऱ्हासाचा. क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाच्या रेणूवर सहा मिथिल गट असतात, आणि प्रकाशात ते एकेक करून गळतात. वस्तुमान वर्णपटात, म्हणजे रेणू वजनानुसार मांडणाऱ्या आलेखात, ३७२ च्या शेजारी ३५८, मग ३४४, अशी चौदा-चौदाने उतरणारी शिडी दिसते. दिसायला फार सुरेख असते. पण खिडकीसमोर चौकटीत टांगलेलं प्रमाणपत्र आणि कपाटात बंद असलेलं प्रमाणपत्र यांच्या शिड्या सारख्या नसतात, त्यामुळे या शिडीवर वर्षं मोजत बसणाऱ्याने जपून असावं.

फिनॉक्सिइथेनॉलवरून आठवलं. एक हक्कसोडपत्र आलं होतं, सहीची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. यंत्राने सहीच्या टिकल्यांत हे द्रावक भरपूर दाखवलं. मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला होता. सरांनी आलेख बघितला आणि विचारलं, "कोऱ्या जागेच्या टिकल्या घेतल्या का?" सहीपासून लांब, जिथे शाईचा स्पर्शही नाही अशा कागदाचा नमुना. घेतल्या होत्या, पण यंत्रात घालायच्या राहिल्या होत्या. घातल्या. त्यांतही तेच द्रावक, जवळपास तितकंच.

हेच रसायन हाताला लावायच्या क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. कागद कुणी कुणी हाताळला होता देव जाणे. पक्षकार, कारकून, टपाल उघडणारा. मी हातमोजे घातले होते, पण मोजे घालण्याआधी मी त्या सकाळी काय केलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. अकरा वर्षं जुनी, कदाचित अगदी प्रामाणिक असलेली सही मी 'ताजी' ठरवणार होते. अहवालात 'या चाचणीवरून मत देता येत नाही' असं लिहिलं. माझ्या टेबलाच्या खणात त्यानंतर क्रीमची बाटली राहिलेली नाही, आणि थंडीत माझे हात खरखरीत असतात.

जुन्या कागदांत एकदा पाय घसरला की असाच लांब घसरत जातो. 'व्हिनलंड नकाशा'चं बघा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९६५ मध्ये तो जगासमोर आणला, कोलंबसाच्या आधीच युरोपियनांना अमेरिका माहीत होती याचा पुरावा म्हणून. सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांनी त्याच्या शाईतले सूक्ष्म कण तपासले आणि १९७४ मध्ये सांगितलं की त्यात ॲनाटेज आहे, कारखान्यात तयार केलेलं टायटॅनियम डायऑक्साइड, विसाव्या शतकातलं. मग दुसऱ्या एका गटाने मोजलं आणि म्हटलं, टायटॅनियम तर नावापुरतंच आहे. पुढे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चाचणीने चर्मपत्र पंधराव्या शतकातलं ठरवलं, आणि नकाशाच्या बाजूच्या लोकांनी विजय साजरा केला. चर्मपत्र खरंच जुनं होतं. त्याच्यावर कुणी कधी लिहिलं हे कार्बन-१४ ला विचारलंच नव्हतं. शेवटी २०२१ मध्ये येलनेच नकाशावरच्या रेघा क्ष-किरणांनी तपासून सगळीकडे टायटॅनियम असल्याचं दाखवलं आणि तो बनावट असल्याचं मान्य केलं. तोपर्यंत छप्पन्न वर्षं गेली होती.

मार्क हॉफमन तर रसायन शिकूनच या धंद्यात उतरलेला. अमेरिकेतला हा माणूस एकोणिसाव्या शतकातली पत्रं बनवायचा. त्या काळाची शाई म्हणजे मायफळातलं टॅनिन, हिराकस आणि डिंक. लिहिताना ती फिकी असते, हवेतल्या ऑक्सिजनने लोह बदललं की काळी पडते आणि शंभर वर्षांनी तपकिरी होते. हॉफमनने ती शाई नीट बनवली, कागदही त्या काळचा मिळवला, आणि शंभर वर्षं थांबणं शक्य नव्हतं म्हणून रसायनांनी शाई म्हातारी केली. तज्ज्ञांना तो फसवत राहिला. पुढे पितळ उघडं पडायची वेळ आली तेव्हा १९८५ मध्ये त्याने बॉम्ब ठेवून दोन माणसं मारली. त्या खटल्याच्या तपासात दोन परीक्षकांनी त्याची पत्रं सूक्ष्मदर्शकाखाली घातली, तेव्हा शाईचा थर मगरीच्या कातडीसारखा तडकलेला दिसला. घाईने म्हातारपण आणल्यामुळे त्यातला डिंक तडकला होता. घटक सगळे बरोबर होते, त्यामुळे शाईत काय काय आहे एवढंच विचारणारी कुठलीही चाचणी त्याने पार केली असती. ही गोष्ट मी प्रशिक्षणार्थींना चवीने सांगत नाही.

अलीकडे शाईपेक्षा टोनरच जास्त येतो. लेसर प्रिंटरचा टोनर म्हणजे रंगीत प्लॅस्टिकची पूड, उष्णतेने कागदावर वितळवलेली. कुठल्या कंपनीच्या टोनरमध्ये स्टायरिन-ॲक्रिलेट असतं, कुठल्यात पॉलिएस्टर. चार पानी करारातलं तिसरं पान बदललं आहे का, हे अवरक्त वर्णपटाने कळू शकतं. बाकीच्या तीन पानांच्या टोनरचा आलेख एकावर एक बसतो आणि तिसऱ्याचा बसत नाही. कोऱ्या कागदावर सही घेऊन वर नंतर मजकूर छापला असेल, तर सहीची रेघ आणि छापील अक्षर जिथे एकमेकांना छेदतात तिथे बघायचं, वर कोण आहे ते. सहीने अक्षराला कुठे स्पर्शच केला नसेल तर आम्ही हात वर करतो. एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेल्या खोट्या दाखल्यापुढेही हात वरच. अनेक देशांच्या नव्या पासपोर्टच्या माहितीच्या पानात तर नाव लिहायला शाईच नसते. पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकचा आतला थर लेसरने जाळून नाव कोरतात. शाईवाल्यांचे दिवस भरत आले आहेत, असं हस्ताक्षरवाले म्हणतात. त्यांचे कधीच भरलेत, असं आम्ही म्हणतो.

मागच्या महिन्यात निवृत्तीच्या कागदांसाठी माझं स्वतःचं पदवी प्रमाणपत्र कपाटातून काढावं लागलं. ते घेऊन कार्यालयात गेले आणि, इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं ते केलं, सगळे जेवायला गेल्यावर दिव्याखाली धरलं. लख्ख निळं पेटलं. ना धागे, ना काही, निव्वळ झेरॉक्सचा कागद. विद्यापीठाने त्या वर्षी काय काटकसर केली होती कोण जाणे. माझ्या टेबलावर हे प्रमाणपत्र आलं असतं तर मी त्याच वर्षीची दुसरी दोन-चार प्रमाणपत्रं तुलनेला मागवली असती, आणि ती येईपर्यंत त्या बाईकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं असतं.

ते परत ठेवताना लक्षात आलं की मी ते इतकी वर्षं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. पाकिटातल्या मऊपणाच्या रसायनाने टोनर सैल केला होता, आणि माझ्या आडनावाची शेवटची दोन अक्षरं कागद सोडून प्लॅस्टिकला चिकटली होती. प्रमाणपत्रावर त्या जागी फिकट, खरवडल्यासारखा डाग. पाकीट फेकलं नाही. प्रमाणपत्र कागदी लिफाफ्यात घातलं, पाकीट वेगळ्या लिफाफ्यात घातलं, दोन्हींवर तारीख घालून सही केली. बॉलपेनने.